उचल घेतली की मिळाली? विमानाच्या ‘लिफ्ट’विषयी

प्रश्न असा आहे: विमानाचा पंख ज्या बलामुळे हवेत तोलला जातो, त्या ‘लिफ्ट’ला मराठीत काय म्हणावे? विचारणाऱ्या ताईंना उद्वाहन, उत्प्लावन, उद्धरण आणि उत्थापन असे चार शब्द सापडले आहेत. ‘उचल’ त्यांना सुचला होता, पण तो फारच घरगुती वाटला.

मी ‘उचल’च्या बाजूचा आहे. का ते सांगतो.

उद्वाहन लगेच बाजूला काढू. तो इमारतीतल्या लिफ्टचा शब्द झाला आहे, आणि तोही पाटीवरच राहतो, तोंडी येत नाही. उद्धरण म्हटले की बहुतेकांना कुणाच्या लेखातला उतारा आठवतो. त्याचा सख्खा भाऊ ‘उद्धार’ तर सात पिढ्यांपर्यंत जातो. उत्प्लावन मात्र नुसते गैरसोयीचे नाही, चूक आहे. ते आर्किमिडीजचे बल. वस्तूने जेवढा द्रव किंवा वायू बाजूला सारला, त्याच्या वजनाइतके. फुग्याला ते पुरते. समुद्रसपाटीवरच्या हवेत एका घनमीटरमागे मिळतो जेमतेम १.२ किलोचा आधार. विमानाला त्याचे काय? शिवाय उत्प्लावन वस्तू स्थिर असतानाही असते. पंखावरचे बल हवा आणि पंख यांच्यातल्या सापेक्ष गतीतून येते.

राहिले उत्थापन. उद् आणि स्थापन मिळून झालेला हा शब्द अर्थाने ठीक आहे. पाठ्यपुस्तकात ‘उत्थापक बल’ लिहायला माझी हरकत नाही. पण त्याच्याबरोबर क्रियापद येते ते ‘निर्माण करणे’: ‘पंख उत्थापन निर्माण करतो’. हे वाक्य इंग्रजीवरून छापून काढल्यासारखे वाटते. ‘पंखाला उचल मिळते’ म्हणून पाहा. मराठी तर सुधारतेच, भौतिकीही सुधारते. देणारी हवा, घेणारा पंख. पंख हवेला खाली वळवतो आणि हवा त्याला वर रेटते, हे न्यूटनच्या तिसऱ्या नियमासकट त्या ‘मिळते’मध्ये बसते.

‘उचल’वरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पगारातून आगाऊ घेतात ती उचल. जुने दुखणे पुन्हा उचल खाते. आणि उचल्याचा धंदा सर्वांना माहीत आहे. पण उचल ‘घेतली’ म्हणजे पैसे, उचल ‘खाल्ली’ म्हणजे दुखणे किंवा भांडण, उचल ‘मिळाली’ म्हणजे पंख, असे क्रियापदच अर्थ वेगळे करते. (आगाऊ पैसेही मिळतात म्हणा. पण पंखाच्या वाक्यात पगार डोकावणार नाही.)

आता क्रियापदाचाच दुसरा घोळ. ‘वरचा कमी दाब पंखाला वर ओढतो’ असे सर्रास लिहितात. ओढायला हवेला हात नाहीत; ती फक्त ढकलते. वरूनही, खालूनही. खालून थोडे जास्त. किती जास्त ते मोजू. सूत्र असे: हवेच्या घनतेचे निम्मे, गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले पंखांचे क्षेत्रफळ, गुणिले उचल-गुणांक (पंखाचा आकार आणि हवेशी त्याचा कोन यांवर ठरणारा आकडा). घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर, वेग सेकंदाला ५० मीटर (म्हणजे ताशी १८० किमी), क्षेत्रफळ १६ चौरस मीटर, गुणांक ०.४ धरला, तर उत्तर येते ९८०० न्यूटन. बरोबर एक टन वस्तुमान तोलायला पुरे. हे बल १६ चौरस मीटरवर वाटले, की दाबातला फरक निघतो सुमारे ६१२ पास्कल, सहा सेंटीमीटर पाण्याच्या थराएवढा. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या वर आहे, म्हणजे हा फरक त्याच्या एक टक्काही नाही. छोटे विमान एवढ्यावर तरंगते.

‘वरच्या हवेला लांबचा रस्ता असतो, म्हणून खालच्या हवेला गाठायला ती पळते’ ही गोष्टही भाषांतरांतून फिरत असते. दोघींनी पलीकडे एकाच वेळी पोहोचायचे असा करार कुठेही नाही. खरे तर वरची आधी पोहोचते.

एका शब्दाबाबत मात्र मी अडलो आहे. जर्मन गणितज्ञ कुट्टा (१९०२) आणि रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की (१९०६) यांनी दाखवले, की पंखाच्या दर मीटर लांबीला मिळणारी उचल म्हणजे घनता गुणिले वेग गुणिले ‘सर्क्युलेशन’. याला अभिसरण म्हणता येईल, पण लगेच रक्ताभिसरण आठवते आणि हवेचा कण पंखाभोवती फेरी मारतो असे वाटते. कण फेरी मारत नाही. पंखाभोवती बंद रेघ आखून तिच्या दिशेने हवेच्या वेगाची बेरीज केली तर ती शून्य येत नाही, एवढाच अर्थ. बरा शब्द सापडेपर्यंत मी ‘सर्क्युलेशन’च लिहितो.

‘उचल’वर एक आक्षेप खरा आहे: हे बल नेहमी वर नसते. व्याख्येने ते समोरून येणाऱ्या हवेला काटकोनात असते. विमान ६० अंश कलून त्याच उंचीवर वळले, तर उचलही तेवढीच कलते आणि वजनाच्या दुप्पट लागते. शर्यतीच्या गाडीचा पंख उलटा बसवतात. त्याची ‘लिफ्ट’ खाली असते. पण हा दोष इंग्रजी शब्दातही आहे, आणि ‘उत्’ने सुरू होणाऱ्या प्रत्येक संस्कृत शब्दातही.

जाता जाता: ‘विमान स्टॉल झाले’चे भाषांतर ‘इंजिन बंद पडले’ असे करू नका. इंजिन ठणठणीत असू शकते. पंखाचा हवेशी कोन फार वाढला, साधारण १५ अंशांच्या पुढे गेला, की वरचा प्रवाह पंखाला धरून राहत नाही. तिथे मी लिहितो: ‘उचल ढासळली’.