सॉफ्टबॉलमध्ये ऑब्स्ट्रक्शन देताना: नवीन अंपायरसाठी

पहिल्याच सामन्यात ऑब्स्ट्रक्शनवरून गोंधळ उडाला म्हणून खचू नकोस. हा कॉल डोळ्यांना सवय झाली की जमतो.

आधी एकच प्रश्न विचार: फिल्डरच्या हातात चेंडू आहे का? नसेल, फटकावलेला चेंडू तो अडवतही नसेल आणि त्याच्यामुळे रनरची धाव अडली असेल, तर ते ऑब्स्ट्रक्शन. धक्का लागायलाच हवा असं नाही. पहिल्या बेसची फिल्डर आउटफिल्डकडे बघत आतल्या कोपऱ्याशी उभी असते, वळणारी रनर पाऊल आखडते, खांदा वळवून बाहेरून जाते. तेवढं पुरे.

खूण सोपी आहे. डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ, मूठ बंद, आणि तोंडाने स्पष्ट 'ऑब्स्ट्रक्शन'. खेळ चालू राहू दे!

नवीन मुलं इथेच चुकतात:

- लगेच 'डेड बॉल' ओरडतात, म्हणजे खेळच थांबवतात. मग रनरला पुढे जाण्याची मिळालेली संधीच जाते.
- सगळे चेंडूमागे बघतात. चेंडू लांब गेला की नजर बेसवर आण.
- दरवेळी एक बेस बक्षीस देतात. अडथळा नसता तर रनर कुठवर पोचली असती, हे त्याच क्षणी मनात पक्कं कर. त्या बेसवर पोचण्याआधी ती बाद झाली, तर तेव्हा डेड बॉल दे आणि तो बेस बहाल कर.

अपवाद बरेच आहेत, ते सध्या राहू देत. पुढच्या सरावात बेसजवळ उभा राहून फक्त रनर्सची पावलं बघ.