वजन कमी करायचं इंजेक्शन लिहून दिलंय, २.५ मिलिग्रॅमऐवजी थेट ५ घेतलं तर चालेल का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सातपूरला राहता, वजन ९६, शुगरची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी माउंजारोची (आठवड्यातून एकदा घ्यायचं वजन कमी करायचं इंजेक्शन) २.५ मिलिग्रॅमची व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, लिहून दिलीय, उपवासाचं आणि शुगरच्या गोळीचं काय करायचं असंही विचारलंय, आणि ठाण्याच्या नणंदबाई म्हणतात २.५ ने काही होत नाही, त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात ५ घेतलं आणि भराभर उतरलं. मी इंदिरानगरला मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, पण मार्च २०२५ मध्ये हे औषध भारतात आल्यापासून काउंटरवर हाच प्रश्न सारखा येतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

नका घेऊ. डोस वाढवायची घाई ही या औषधातली सगळ्यात मोठी चूक आहे, बाकीचे बरेचसे त्रास तिथूनच सुरू होतात.

नणंदबाई एका बाबतीत बरोबर आहेत, २.५ हा वजन उतरवायचा डोस नाहीच. तो पोटाला सवय लागावी म्हणून असतो. हे औषध, म्हणजे टिर्झेपटाइड, भूक कमी करतं आणि जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतं, सुरुवातीला तर जास्तच. खाल्लेलं तासनतास तसंच बसून राहतं. त्यात डोस एकदम दुप्पट केला की मळमळ, उलट्या, जुलाब, किंवा मग आठ आठ दिवस पोट साफ नाही, आणि उलट्या-जुलाब सुरू राहून अंगातलं पाणी कमी झालं की ते किडनीवर जातं. म्हणून कमीत कमी ४ आठवडे २.५, मग ५, आणि त्यापुढे वाढवायचंच असेल तर प्रत्येक पायरीवर परत कमीत कमी ४ आठवडे, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. १५ पर्यंत डोस आहेत म्हणून १५ ला पोचलंच पाहिजे असं काही नाही. २०२२ साली जो मोठा अभ्यास छापून आला त्यात ५ वर राहिलेल्यांचं ७२ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं होतं आणि १५ वाल्यांचं साधारण २१ टक्के. ते सगळे डायबेटीस नसलेले लोक होते, शुगरवाल्यांचं त्यापेक्षा थोडं कमी उतरतं, त्यामुळे तुमची आणि नणंदबाईंची तुलना करूच नका. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही तर औषध खोटं निघालं असं समजू नका, २.५ वर असं होऊ शकतं.

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. तुम्हाला पेन (औषध आधीच भरलेलं, पेनसारखं दिसणारं इंजेक्शन) नाही, व्हायल दिलीय. व्हायलमध्ये अर्धा एमएल औषध असतं आणि ते सिरिंजने ओढायचं असतं. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात, लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१००. अर्धा एमएल म्हणजे लाल टोपणवालीवर २० ची रेघ आणि केशरीवर ५० ची. घरात सासूबाईंची जुनी सिरिंज पडलीय म्हणून तीच वापरली आणि आकडा कुणीतरी फोनवर सांगितलेला, की डोस चुकलाच म्हणून समजा. सिरिंज ज्या दुकानातून व्हायल घेताय तिथूनच नवी घ्या, किती रेघेपर्यंत ओढायचं ते त्यांच्याकडून बोट ठेवून बघून घ्या, पहिलं इंजेक्शन दवाखान्यात जाऊन घेतलंत तर उत्तमच. आणि एक व्हायल एकदाच. पैसे वाचवायला ५ ची व्हायल आणून दोन आठवड्यांत अर्धी-अर्धी करणारे लोक येतात माझ्याकडे, मी त्यांना हात जोडून सांगते की यात जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते प्रिझर्वेटिव्ह नाहीये, एकदा सुई घातलेली व्हायल ठेवायची नसते.

फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवायची, पण सिंगल डोअर फ्रीज असेल तर बर्फाच्या खणाला चिकटून नको, गोठली तर वितळवून वापरायची नाही, सरळ टाकायची. बाहेर राहिली तर ३० डिग्रीच्या आत २१ दिवस चालते असं कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे पण एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या पत्र्याच्या घरात किंवा गाडीच्या डिकीत ३० डिग्री कुठून राहणार, तेव्हा ते २१ दिवस विसराच. दुकानातून नेताना आइस पॅकवर न्या, बॅच नंबर असलेलं पक्कं बिल मागून घ्या. व्हॉट्सॲपवर किंवा पार्लरमधून स्वस्तात देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, कृपा करून. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक व्हायच्या पावडरींचंही तेच, २०११ साली आपल्याकडे बंदी घातलेलं सिब्युट्रामीन हे वजन कमी करायचं औषध अशा पावडरींमध्ये मिसळलेलं सापडलेलं आहे आणि ते हृदयाला धोक्याचं आहे.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना स्वतःहून सांगायच्या गोष्टी म्हणजे घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कॅन्सर झाला होता का, स्वतःला कधी स्वादुपिंडाला सूज किंवा पित्ताचे खडे झालेत का, डोळ्यांचा पडदा शुगरमुळे खराब झालाय का. (रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेता तो वेगळा विषय, त्यामुळे इंजेक्शन बंद होत नाही, बायका उगाच घाबरतात.) मूल नको म्हणून गोळ्या घेत असाल तर हे औषध सुरू केल्यावर ४ आठवडे आणि डोस वाढवला की परत ४ आठवडे त्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नका, कंडोम वापरा, पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा त्रास) असेल तर वजन उतरल्यावर दिवस राहण्याची शक्यता उलट वाढते. कधी ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकतं.

खाण्याचं म्हणाल तर इंजेक्शननंतरचे दोन-तीन दिवस तर्रीवाली मिसळ आणि भजी नकोच, तेलकट खाल्लं की मळमळ ठरलेली. भूक लागत नाही म्हणून नुसत्या चहा-बिस्किटावर राहणाऱ्यांची चरबीबरोबर ताकदही जाते, जिना चढताना पाय थरथरतात. थोडं खा पण मोडाची मटकी, अंडं, पनीर, घट्ट वरण असं काहीतरी प्रत्येक जेवणात घ्या. चालायला जाताच म्हणता, त्यात थोडे उठाबशासारखे व्यायाम घाला.

दुखणं पोटात वर सुरू होऊन पाठीत जातंय आणि थांबतच नाहीये, उलट्या असोत नसोत, तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल, ते स्वादुपिंड असू शकतं. उजवीकडे बरगडीखाली दुखून ताप किंवा डोळे पिवळे झाले, किंवा नजर अचानक अंधूक झाली, तरी तसंच. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल तर पुढचं इंजेक्शन न घेता डॉक्टरांना फोन करा. आणि एखादा आठवडा चुकला तर ४ दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, नाहीतर तो सोडून द्या आणि ठरलेल्या वारीच पुढचं, दोन एकदम कधीच नाही.

बंद केल्यावर काय, हेही आत्ताच डॉक्टरांशी बोलून घ्या. २०२३ च्या एका अभ्यासात ३६ आठवडे औषध घेऊन ज्यांचं थांबवलं त्यांचं पुढच्या वर्षभरात बरंचसं वजन परत आलं. खर्च दर महिन्याचा आहे, मधेच पैसे संपले म्हणून सोडण्यापेक्षा आधी हिशोब केलेला बरा.

उपवासाचं आणि शुगरच्या गोळीचं उत्तर एकच आहे, पण तुम्ही गोळीचं नाव लिहिलं नाहीये. पाकिटावर बघा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर फार खाली जायची भीती कमी. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर पहिलं इंजेक्शन घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करून डोस कमी करायचा का विचारा, आणि तोपर्यंत चतुर्थी-एकादशीचे कडक उपवास नकोत. घाम, हातपाय कापणं, चक्कर असं झालं तर आधी ग्लुकोमीटर लावा, ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून. नाव कळलं की इथे लिहा, मी बघते.