पहिली कुंडी बाटलीचीच करा

कुंड्या विकत आणायची घाई करू नका. कोल्ड्रिंकची 2 लिटरची बाटली मधोमध कापा आणि तोंडाकडचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवा. झाकणाला गरम दाभणाने भोक पाडून त्यातून जुन्या बनियनची सुती पट्टी ओवा. तिचं एक टोक मातीत, दुसरं खालच्या पाण्यात. दिव्याची वात तेल ओढते तशी ही पट्टी पाणी वर ओढते. पहिलं पाणी मात्र वरून घाला, म्हणजे पट्टी पूर्ण भिजते.

नुसती माती भरू नका, ती घट्ट बसते आणि मुळं गुदमरतात. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी माती आणि गांडूळखत. खिडकीतल्या उजेडात पुदिना, मनीप्लांट छान वाढतात. तुळस यात नको. तिला भरपूर ऊन लागतं आणि मुळं सतत ओली राहिलेली चालत नाहीत.

खालच्या भागाला बाहेरून जाड कागद गुंडाळा, नाहीतर उजेडाने पाण्यात शेवाळ धरतं. आणि डासांचं खरंच मनावर घ्या. डेंग्यूच्या डासाची मादी अशाच साठलेल्या पाण्याच्या काठाला अंडी चिकटवते. दर आठवड्याला पाणी ओतून द्या, भांडं आतून ब्रशने घासा आणि मगच नवं पाणी भरा.