उन्हाला घाबरू नका, आधी मीठ बघा

प्रश्न असा की सोलापूरकडे कॅनॉलच्या पाण्यावर वाइनची द्राक्षं लावायचीत, तर ऑस्ट्रेलियातल्या रिव्हरलँडचं उदाहरण घ्यावं का, तिथनं तर खोक्यातली स्वस्त वाइनच येते ना. घरची बाग दिंडोरीची, पण रिव्हरलँडमधल्या रेनमार्क गावाजवळ चार सीझन काम केलंय म्हणून लिहितो.

खोक्यातली वाइन तिथलीच, खरंय, रेनमार्कच्याच थॉमस अँगोव्ह यांनी 1965 ला तिचं पेटंट घेतलं. पण त्यावरून जमिनीला नावं ठेवू नका. टनाला भाव पडला की माणूस हेक्टरी 25 टन काढायच्या मागे लागतो आणि मग चव जाते, एवढंच. पाऊस वर्षाला जेमतेम 250 मिलीमीटर, 1887 ला चॅफी बंधूंनी मरे नदीचं पाणी उपसून वसाहत बसवली तेव्हापासून सगळं त्या पाण्यावरच. कोरड्या हवेमुळे डाऊनीचा (दमट हवेत पानांवर येणाऱ्या बुरशीचा) त्रास आपल्यापेक्षा कितीतरी कमी.

खरी डोकेदुखी मीठ. खालचं पाणी खारं, वरून जास्त पाणी दिलं की ते वर चढतं. आणि ड्रिपखाली ओल जिथवर जाते त्या कडेला मीठ साचत राहतं. उन्हाळ्यात हलकी सर आली की आपण मोटर बंद करतो ना, तिथं उलट चालू करायची, कारण ती सर कडेचं मीठ मुळाकडे ढकलते, म्हणून वरून पाणी देऊन ते खाली धुवायचं. मला हे पटलं नव्हतं, एकदा बंदच ठेवली, आणि थोड्याच दिवसांत बिनखुंटाच्या (दुसऱ्या जातीच्या मुळावर कलम न केलेल्या) जुन्या ओळींत पानांच्या कडा तपकिरी, बोटात धरलं की चुरा. शेजारच्या रॅमसे या मीठ सोसणाऱ्या खुंटावरच्या ओळी हिरव्यागार.

दुसरं म्हणजे आपण टेबल म्हणजे खायच्या द्राक्षवाले मणी फुगवायच्या मागे असतो, तिथे सेटिंग झाल्यावर (फुलांचे मणी धरले की) पाणी तोडतात, मणी बारीक राहतो, रसाच्या मानाने साल जास्त येते, आणि रेड वाइनचा रंग सगळा सालीत. उन्हात आम्ल पटकन उतरतं, मग वायनरीत टार्टरिक आम्ल घालावं लागतं, म्हणून आता शिराझ, कॅबर्ने या जातींच्या जोडीला फियानो, नेरो द'आव्होला या इटालियन जाती लावतायत, त्या उन्हातही आम्ल धरून राहतात. तोडणी रात्री मशीनने, पहाटे तीनला ट्रेलरमध्ये हात घातला तर घड गारेगार लागतात.

तेव्हा रोपं बुक करायच्या आधी पाणी आणि माती तपासून घ्या, ईसी (खारटपणाचं माप) किती येतो ते सांगा, खुंट कोणता घ्यायचा ते त्यावर ठरवू.