वाचकांचे प्रश्न : पहिला भाग टाकण्याआधी

ऑनलाइन लेखनाची सुरुवात कशी करावी, याविषयी कोकण किनाऱ्यावरून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : गेली सहा वर्षे मी वहीत कथा लिहिते. माझे सासर वेंगुर्ले तालुक्यातले, घर रापणकरांचे, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठे जाळे ओढून मासे धरणाऱ्यांचे. आमच्या वाडीवर एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. भाचीने मोबाइलवर प्रतिलिपी या कथावाचनाच्या ॲपचे खाते उघडून दिले आणि पहिला भाग टाकला. आठवड्याभरात तो चौदा जणांनी वाचला, त्यांतले तेरा ओळखीचे. चौदावे अनोळखी वाचक ‘पुढचा भाग कधी?’ असे विचारतात, पण तो अजून लिहून झालेला नाही. ओळखीच्यांपैकी नागपूरच्या एका बाईंना मालवणी संवाद कळले नाहीत. सुरुवातीचे दोन परिच्छेद सोबत पाठवत आहे. पुढे काय करावे?

उत्तर : चौदा हा आकडा पाहून तुम्ही हिरमुसल्या आहात, हे पत्रातून जाणवते. परंतु तेरा जणांनी तुमच्यासाठी वाचले आणि चौदाव्याने कथेसाठी वाचले, तेव्हा तुमचा पहिला खरा वाचक तोच आहे आणि त्याला आधी उत्तर द्यायला हवे. कथा पूर्ण करून नारळी पौर्णिमेनंतर दर शनिवारी एक भाग देईन, असे त्याला आजच कळवा, आणि शेवटचा भाग वहीत उतरेपर्यंत दुसरा भाग टाकू नका.

क्रमशः कथा मराठी वाचकाला नवी नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यातून हप्त्याहप्त्याने लोकांनी वाचल्या. फरक असा की छापील नियतकालिकात लेखकाच्या मागे संपादक उभा असतो, मजकूर वेळेवर मागतो, वाचून परत पाठवतो, आणि मुद्रितशोधक त्याच्यावरून पुन्हा एकदा नजर फिरवतो. प्रतिलिपीसारख्या ॲपवर खाते उघडायला पैसे पडत नाहीत आणि कोणाची परवानगीही लागत नाही. ही मोठीच सोय आहे, पण त्यामुळे या सगळ्यांची कामे तुमच्या एकटीच्या अंगावर येतात. कथा आधी पूर्ण करावी असे मी आग्रहाने म्हणतो, त्याचे दुसरे कारण लेखनाचेच आहे. नवव्या भागापर्यंत पोहोचल्यावर तुमच्या लक्षात येईल की त्या दिवशी जाऊबाई घरात नव्हे, किनाऱ्यावर असायला हव्या होत्या. वहीत हे दुरुस्त करता येते. वाचकाने दुसरा भाग वाचलेला असला, तर त्याच्या मनातले चित्र पुसता येत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि खवळलेल्या समुद्रात पावसाळाभर रापणही फारशी टाकता येत नाही. तेव्हा घरातली माणसे पडवीत जाळी दुरुस्त करत बसतील, ते दिवस तुम्ही लेखनासाठी राखून ठेवावेत.

आता तुमचा पहिला भाग. पहिल्या परिच्छेदात आठ ओळी निळाशार समुद्र, माडांची रांग आणि लाल मातीची वाट आहे. हे वर्णन खोटे नाही, पण ते पर्यटकालाही लिहिता आले असते. दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिता, ‘सासूने वाट्याला आलेल्या पेडव्यांची टोपली चुलीपाशी ठेवली आणि कोणाला न विचारता त्यातले दोन बाजूला काढले.’ हे वाक्य वाचून मी थांबलो. ते दोन मासे कोणासाठी? घरातले कोण त्याबद्दल बोलत नाही? मोबाइलवरचा वाचक पहिल्या दोन-तीन ओळी वाचूनच कथा वाचायची की पुढे सरकायचे ते ठरवतो, म्हणून कथा टोपलीपासून सुरू करा. माड आणि समुद्र ओघात येतीलच. भाग एक हजार ते दीड हजार शब्दांचा असावा असे माझे मत आहे; मोबाइलच्या पडद्यावर एका बैठकीत तेवढे नीट वाचून होते.

मालवणी अजिबात काढू नका. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत, ही तुमची विभागणी योग्य आहे. ‘आज रापणीक काय गावला?’ या वाक्यानंतर दीर रिकामी टोपली पालथी घालतो असे लिहिलेत, तर ‘गावला’चा अर्थ नागपूरच्या बाईंना विचारावा लागणार नाही. कंसात अर्थ देत बसलात की बोलणाऱ्या माणसाचा आवाज तुटतो. एक पथ्य मात्र पाळा : बोलीतल्या शब्दांची रूपे एकदा ठरवून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पहिल्या भागात ‘मला’ऐवजी ‘माका’ म्हणणारी सासू तिसऱ्या भागात ‘मका’ म्हणू लागली, तर बाहेरचा वाचक गोंधळतो आणि गावचा वाचक नाराज होतो.

प्रश्न : मी रत्नागिरीत महाविद्यालयात शिकतो. वडील डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर टंकून मांडण्याचे काम करत असत. त्यांनी जुन्या संगणकावर टंकलेल्या माझ्या कथा ॲपवर चिकटवल्या की रोमन अक्षरांचा गिचमिड दिसतो. नव्याने टंकलेल्या कथेत शुद्धलेखनाच्या चुका फार आहेत, असे वाचक कळवतात.

उत्तर : वडिलांचा जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधला असणार; युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि मोबाइलवर चालणारी अक्षरांची आजची सामाईक संकेतपद्धत. त्या पद्धतीत संगणक रोमन अक्षरांचेच संकेत साठवतो आणि फॉन्ट त्यांवर देवनागरीचे रूप चढवतो. फॉन्ट नसला की आतले संकेत उघडे पडतात. असा मजकूर परिवर्तकातून, म्हणजे फॉन्ट बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, युनिकोडमध्ये आणता येतो, पण जोडाक्षरे आणि रफार हटकून बिघडतात, म्हणून मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ तपासावी लागेल.

नव्या मजकुराबद्दल एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्या किनाऱ्याचे आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. कळफलकावर साधा र, हलन्त आणि य दाबले की ‘र्य’ उमटतो. ‘ऱ्य’ हवा असेल, तर खाली नुक्ता असलेला ऱ घ्यावा लागतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका साप्ताहिकात माझ्या लेखातला दर्या सगळीकडे ‘दऱ्या’ होऊन छापला गेला. अंतिम प्रत मी पाहिली नव्हती. हर्णै बंदरातल्या एका तांडेलाने, म्हणजे मासेमारी नौकेच्या प्रमुखाने, तो अंक माझ्यासमोर धरून ‘हे आमच्याबद्दलच लिहिलंय ना?’ असे विचारले, तेव्हा मला फार वाईट वाटले. त्या माणसाने लेख शेवटपर्यंत वाचला होता.

ऱ्हस्वदीर्घासाठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ मध्ये त्यांना जोडलेले चार नियम एकदा बसून वाचा. ते थोडक्यात आहेत. त्यानंतर कथा दोन दिवस बाजूला ठेवून वडिलांना मोठ्याने वाचायला सांगा. डीटीपी केलेल्या माणसाची नजर अक्षरावर बसलेली असते.

प्रश्न : मी दापोलीत राहते आणि कविता लिहिते. माझी एक कविता कोणीतरी स्वतःच्या नावाने फिरवली. कॉपीराइट नोंदवावा लागतो का? एका गटाने काव्यसंग्रहात कविता घेण्यासाठी आणि प्रमाणपत्रासाठी दीड हजार रुपये मागितले आहेत. ते द्यावेत का?

उत्तर : पैसे देऊ नका. ज्या संग्रहात येण्याची अट पैसे भरणे हीच असते, त्यात कविता कोणी निवडलेली नसते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहिली त्या क्षणी तिचा हक्क तुमचा होतो आणि तो तुमच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे राहतो. नोंदणी ऐच्छिक आहे, वादाच्या वेळी ती पुराव्याला उपयोगी पडते. तारीख घातलेली वही जपून ठेवा, ज्या पानावर कविता दुसऱ्याच्या नावाने दिसते त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्या ॲपकडे तक्रार नोंदवा. हक्क दुसऱ्याला द्यायचे झाल्यास तसे लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द दिसले तर सही करण्यापूर्वी थांबा आणि जाणकाराला कागद दाखवा.

तुम्ही विचारलेली नाही अशी एक गोष्ट सांगतो. ॲपवर टाकलेली कविता बहुतेक संपादक पूर्वप्रकाशित मानतात आणि दिवाळी अंकांना सहसा अप्रकाशित साहित्यच हवे असते. त्यांची आवाहने साधारण पावसाळ्यात येतात. तुम्ही पाठवलेल्या चार कवितांपैकी सुपारीच्या बागेतल्या शिंपण्यावरची कविता मला सर्वांत चांगली वाटली. ती अजून कुठेही टाकलेली नसेल, तर आवाहने येईपर्यंत वहीतच राहू द्या.