नौदलातून निवृत्त झालेले आजोबा गेले, त्यांच्या आठवणी कशा लिहून ठेवाव्यात?

आधी जहाजांची नावं लिहा, पदकं नंतर. कोणत्या साली कुठल्या जहाजावर, हे सेवेच्या कागदपत्रांत मिळेल. नाहीतर जुन्या फोटोतली टोपीची फीत भिंगातून बघा, तिच्यावर बहुधा जहाजाचं नाव असतं. (युद्धकाळात मात्र ते मुद्दाम गाळत.) मग त्या जहाजावरचे सोबती शोधा. हे काम उद्यावर ढकलू नका, तेही थकलेत. घरी कधीच न सांगितलेले किस्से त्यांच्याकडेच निघतात.

श्रद्धांजलीच्या वेळी घंटेचे आठ टोल द्या, दोन-दोनच्या जोडीने. जहाजावर दर अर्ध्या तासाला एक टोल वाढायचा. चार तासांनी आठ टोल पडले, की पाळी संपली.