धरण भरलंय, मग नळ कोरडा का?

प्रश्न : दादा, आमच्या गावाला तापीचं पाणी आहे, पावसाळाही चांगला झाला तरी नळाला चार दिवसांआड पाणी. गल्लीत सगळ्यांनी नळाला टिल्लू मोटार लावलीय, नाही लावली तर थेंब येत नाही. परवा गढूळ, वासाचं पाणी आलं, लेकराला जुलाब झाले. पाणीच कमी आहे का हो?
– एक ताई, जळगाव जिल्हा

उत्तर : ताई, आधी लेकराला ओआरएस द्या, अंगात ताप असेल किंवा जुलाब थांबत नसतील तर डॉक्टरकडे न्या, आणि पाणी उकळूनच प्या.

आता पाण्याचं. नदीत, धरणात पाणी असून नळ कोरडा असेल तर खोट बहुतेक वेळा पाइपात असते. चार दिवस लाइन रिकामी पडते, मग एकदम पाणी सोडलं की अख्खी गल्ली मोटारी चालू करते, त्या पाइपातनं नुसतं पाणी ओढत नाहीत तर आत पोकळी करतात, आणि जिथे जोड सैल, पाइप सडका, तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. परवाचा वास तिथूनच आला असणार. शिवाय पुढचं पाणी कधी येईल भरवसा नाही म्हणून आपण ड्रम, हंडे सगळं भरतो आणि ताजं आलं की शिळं ओतून देतो, म्हणजे टंचाईत नासाडीही आपल्याच हातून होते.

चोवीस तास पाणी म्हणजे जास्त पाणी लागतं असं वाटतं ना, मलाही वाटायचं. पण कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावानं मीटर लावून ते करून दाखवलं, हुबळी-धारवाडच्या काही वॉर्डांत 2008 पासून झालं. पाइपात कायम दाब राहिला की बाहेरची घाण आत शिरत नाही आणि गळती कुठंय तेही कळतं. म्हणून नवीन कोट्यवधींच्या योजनेची घोषणा ऐकली की मला राग येतो, आधी आहे ती गळती तरी मोजा.

तुम्ही माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा : रोज किती पाणी उचलता आणि घरांपर्यंत किती पोचतं. सरकारी मानकात शहरांना माणशी रोज 135 लिटर धरलेत, त्यामुळे उचललेलं पाणी लोकसंख्येनं भागून त्या आकड्याशी ताडून बघा. आणि मोटारी काढायच्या तर सगळ्या गल्लीनं एकाच दिवशी काढा, एकट्यानं काढली तर त्याचंच घर कोरडं राहतं.